खांडबाऱ्यापासून आय-लीग किती लांब?

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार भरली. त्याच जनगणनेत संपूर्ण गोवा राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि मिझोरामची १० लाख ९७ हजार. म्हणजे आपला एक आदिवासी जिल्हा या दोन्ही राज्यांहून मोठा आहे. आता भारतीय फुटबॉलचा इतिहास या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. आय-लीग २००७ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले सहाही किताब गोव्याच्या क्लबांनी जिंकले. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. दहाव्या हंगामात, २०१६-१७ साली, मिझोरामचा आयझॉल एफसी विजेता ठरला. पहिल्या दहा किताबांपैकी सात किताब नंदुरबार जिल्ह्याहून कमी वस्तीच्या दोन राज्यांकडे गेले. त्याच दहा वर्षांत अकरा कोटींच्या महाराष्ट्राला एकही किताब मिळाला नाही. फुटबॉल हा फार मोठ्या शहरांचा, फार मोठ्या पैशाचा खेळ आहे असं मानणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ लावावाच लागतो. माझ्या मते तो अर्थ असा: लहान प्रदेशाला राष्ट्रीय फुटबॉलमध्ये जागा मिळते ती वरून खाली येणाऱ्या पैशापेक्षा खालून वर जाणाऱ्या लीगांच्या साखळीमुळे. या साखळीतली सर्वांत मोलाची कडी म्हणजे देशाची द्वितीय श्रेणीची व्यावसायिक लीग. नंदुरबारच्या नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्यासारख्या गावाने देशाच्या सर्वोच्च लीगपेक्षा या दुसऱ्या श्रेणीकडे जास्त लक्ष का द्यावं, हे या प्रकरणात मांडायचं आहे.

आधी या लीगची पार्श्वभूमी थोडक्यात. देशातली पहिली राष्ट्रीय साखळी स्पर्धा, नॅशनल फुटबॉल लीग, १९९६ साली सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी मिल्स हा संघ होता. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. पुढे २०१० साली भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली. काही वर्षं दोन लीग शेजारी शेजारी चालल्या. एकीत फ्रँचायझी शुल्क भरून जागा मिळत होती, दुसरीत मुख्यतः खेळून मिळत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने एक आराखडा मंजूर केला. त्यानुसार आयएसएल ही प्रथम श्रेणी झाली, आय-लीग द्वितीय श्रेणी झाली, आणि २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला शुल्क न भरता आयएसएलमध्ये प्रवेश मिळेल असं ठरलं. पहिल्या वर्षी पंजाबचा संघ या दारातून वर गेला, दुसऱ्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. आय-लीगच्या खाली आज आय-लीग २ आहे, २०२३ पासून तिच्याखाली आय-लीग ३ आहे आणि त्याखाली राज्यांच्या लीग. आय-लीगचं स्थान पहिल्यावरून दुसऱ्यावर आलं, याला अनेक जुने फुटबॉलप्रेमी अवनती म्हणतात. त्यांची हळहळ मला समजते, कारण ज्या क्लबांनी भारतीय फुटबॉल तगवला त्यांना एका कराराने खालच्या मजल्यावर ढकललं. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तीन गोवेकर क्लब आय-लीगला खालच्या श्रेणीत नेण्याच्या महासंघाच्या तेव्हाच्या प्रस्तावाच्या निषेधात तिच्यातून बाहेर पडले. पण दार उघडल्यानंतर या श्रेणीचं काम बदललं आहे. आता ती वरची आणि खालची व्यवस्था जोडणारी लीग आहे आणि धेंपोही आय-लीग २ मधून खेळून, बढती मिळवून २०२४-२५ मध्ये तिथे परतला आहे.

दुसरी श्रेणी लहान गावासाठी का मोलाची, हे जगातल्या जुन्या लीगांकडे पाहिलं की स्पष्ट होतं. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली आणि अवघ्या चार वर्षांनी, १८९२ मध्ये, तिला दुसरी श्रेणी जोडावी लागली. बारा संघांच्या बंद वर्तुळात गावोगावचे क्लब मावणं शक्य नव्हतं. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात गँगां नावाचं सुमारे सात हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या क्लबाने २००९ साली फ्रान्सचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि जिंकला तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. गावाच्या वस्तीहून त्याच्या मैदानाची आसनक्षमता मोठी आहे, कारण आसपासच्या खेड्यांतले लोक तिथे येतात. असा क्लब पहिल्या श्रेणीत गेला तर आनंदच, पण तो टिकतो तो दुसऱ्या श्रेणीच्या आधाराने. तिथे खर्च आवाक्यात असतो, सामने राष्ट्रीय असतात, आणि एखादा हंगाम वाईट गेला तरी क्लब संपत नाही. पहिल्या श्रेणीत लहान गावाला पैसा पुरत नाही, जिल्हा स्पर्धेत त्याला कोणी पाहत नाही. खेळ आणि गाव यांची राष्ट्रीय पातळीवर भेट होण्याची जागा मधली आहे.

मिझोरामने हे करून दाखवलं आणि त्यासाठी त्याला फार वर्षं लागली नाहीत. २०१२ साली तिथे मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. राज्य संघटनेने झोनेट या स्थानिक केबल वाहिनीशी करार केला आणि सामने घरोघरी दिसू लागले. मुंबईच्या प्रसारणकर्त्याची वाट कोणी पाहिली नाही. दोन वर्षांत, २०१४ मध्ये, मिझोरामने संतोष करंडक जिंकला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आयझॉल एफसीने २०१५ मध्ये आय-लीगच्या द्वितीय विभागात पहिला क्रमांक मिळवला आणि वर आला. पुढच्याच हंगामात तो घसरला. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, प्रशिक्षक म्हणून खालिद जमील आले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून या संघाने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत किताब घेतला. यात नशिबाचा भाग होता हे मान्य करायला हवं. गोव्याचे क्लब गेले नसते तर आयझॉल त्या वर्षी खालच्या विभागात खेळला असता. पण मिळालेल्या जागेचा उपयोग करण्याइतके तयार खेळाडू हाताशी असणं हे नशिबाचं काम नव्हतं. ते पाच वर्षं नियमितपणे चाललेल्या राज्य लीगचं काम होतं. आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावी. खालिद जमील त्याआधी सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तोच माणूस मुंबईत संघाला घसरणीपासून वाचवत राहिला आणि आयझॉलमध्ये पहिल्याच वर्षी विजेता झाला. पुढे २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. फरक प्रशिक्षकात नव्हता, त्याला खालून मिळणाऱ्या खेळाडूंच्या पुरवठ्यात होता.

महाराष्ट्राची आय-लीगमधली कहाणी वाचताना मन विषण्ण होतं, आणि ती नीट वाचली पाहिजे, कारण पैसा हाच उपाय आहे या समजुतीला तिच्याइतकं सडेतोड उत्तर दुसरं नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चौदापैकी चार संघ महाराष्ट्राचे होते: पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया आणि ओएनजीसी. पुणे एफसी त्या वर्षी दुसरा आला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना क्लब परवान्याच्या अटी पूर्ण करता आल्या नाहीत म्हणून वगळलं गेलं. ती सरकारी कंपन्यांची खाती होती, स्वतंत्र क्लब नव्हते. २०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी पुण्यात आला आणि एका हंगामानंतर विसर्जित झाला. त्याच वर्षी अशोक पिरामल समूहाच्या पुणे एफसीचाही वरिष्ठ संघ थांबला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये बंद झाला. मुंबई एफसी त्याच वर्षी घसरला आणि मिटला. मग मुंबईचा केंकरे एफसी आला, २०२२-२३ मध्ये घसरून खाली गेला. २०२३-२४ च्या तेरा आणि २०२४-२५ च्या बारा संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. यांपैकी केंकरे हा एकच मोठ्या उद्योगसमूहाच्या किंवा सरकारी कंपनीच्या मालकीचा नव्हता, आणि घसरल्यानंतरही क्लब म्हणून जिवंत राहिला तो तोच. बाकीच्यांच्या पाठीशी पैसा भरपूर होता. त्यांच्याखाली जमीन नव्हती. मालकाने हात काढला तेव्हा क्लब सांभाळायला वस्ती, सभासद, जिल्हा लीग, स्थानिक वर्गणी यांपैकी काहीच शिल्लक नव्हतं.

महाराष्ट्रात अशी जमीन कुठे नाहीच का? आहे, आणि ती कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या पेठांची ओळख आहेत. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग वर्षानुवर्षं भरते. तिथूनच अनिकेत जाधव पुढे आला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशासाठी खेळला, मग इंडियन अ‍ॅरोजकडून आय-लीग खेळला आणि नंतर जमशेदपूरकडून आयएसएल. पण नेमकं पाहिलं पाहिजे: मुलगा वर गेला, तालीम वर गेली नाही. कोल्हापूरचा कोणताही तालीम संघ आय-लीगपर्यंत पोचलेला नाही. एवढी गर्दी, एवढी निष्ठा असलेल्या शहराला जो जिना मिळाला नाही तो नंदुरबारला कसा मिळणार, असा प्रश्न इथे उभा राहतो. तो योग्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोल्हापूरचा अनुभव जिना नको असं सांगत नाही. राज्यातली जिल्ह्यांची फुटबॉल केंद्रं एकमेकांशी बढती आणि घसरणीच्या नियमाने जोडलेली नाहीत, असं तो सांगतो. सांगली, कोल्हापूर, नागपूर, पुणे, मुंबई ही आपापल्या कुंपणात खेळतात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की मिझोराम आणि नंदुरबार यांची तुलनाच चुकीची आहे. दोन्हीकडे आदिवासी बहुसंख्य आहेत, नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के, मिझोराममध्ये ९४ टक्के. पण साम्य तिथेच संपतं. २०११ मध्ये मिझोरामची साक्षरता ९१ टक्क्यांवर होती, नंदुरबारची ६४ टक्के. मिझोराम स्वतंत्र राज्य आहे, त्याचा स्वतःचा अर्थसंकल्प आहे, चर्चशी आणि युवक संघटनांशी बांधलेली गावं आहेत, आणि तिथे फुटबॉल शंभर वर्षांपासून रुजलेला आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला. गोव्याचंही तसंच, तिथे खाणमालकांचा पैसा होता आणि पोर्तुगीज काळापासूनची सवय होती. हे सगळं खरं आहे. म्हणून नंदुरबारमधून पाच वर्षांत आय-लीगचा विजेता येईल असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. पण हा आक्षेप लोकसंख्येच्या मुद्द्याला धक्का लावत नाही. दहा लाखांच्या वस्तीतून राष्ट्रीय पातळीवरचा एक संघ उभा राहू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. उरलेले फरक हे संघटनेचे, सवयीचे आणि सोयींचे आहेत, आणि हे तिन्ही घडवता येतात. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराँव ही आदिवासी गावातली मुलगी २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. गुमला काही मिझोराम नव्हे. साक्षरतेत आणि गरिबीत तो नंदुरबारच्या जवळचा जिल्हा आहे. तिथे शाळांच्या मैदानावर मुलींनी फुटबॉल खेळणं ही रोजची गोष्ट होती, फरक एवढाच.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. जिथे कुपोषणाची आकडेवारी दरवर्षी वृत्तपत्रात येते, जिथे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे निघून जातात, तिथे फुटबॉल लीगची चर्चा ही चैन आहे. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आरोग्य केंद्राचा पैसा फुटबॉलकडे वळवा असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण तालुका पातळीवरच्या लीगला लागणारा पैसा त्या खात्यातला नसतोच. आपल्या गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात, त्यांना बक्षिसं लागतात, मंडप लागतो, वर्गणी जमते. पैसा आज खर्च होतोच आहे. तो तीन दिवसांत संपणाऱ्या बाद फेरीच्या स्पर्धेवर होतो. साखळी लीगचा गुण असा की हरलेला संघही पुढच्या रविवारी खेळतो. ज्या मुलाला आयुष्यात बहुतेक ठिकाणी एकाच चुकीवर बाहेर काढलं जातं, त्याला हरून पुन्हा उभं राहण्याची जागा मिळणं ही चैन नाही.

तिसरा आक्षेप प्रतिभाशोधाच्या बाजूने येतो. क्लब, लीग, श्रेणी हा लांबचा मार्ग कशाला? चांगला मुलगा हेरा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवा, पुढचं ते पाहतील. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर लाखो विद्यार्थ्यांना एका दिवसात फुटबॉल खेळायला लावण्याचा उपक्रम झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सीच्या उपस्थितीत वानखेडेवर तेरा वर्षांखालील निवडक मुलामुलींसाठी महादेवा प्रकल्पाची सुरुवात झाली. अशा उपक्रमांनी काही मुलांचं भलं होतं, त्यांना विरोध करण्याचं कारण नाही. पण निवड एका दिवसाची असते आणि खेळाडू पाच-सात वर्षांत घडतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं तेव्हा आदिवासी पाड्यांत किती ताकद आहे हे देशाने पाहिलं. धावपटूला एकटीने पुढे जाता येतं. फुटबॉलपटूला जाता येत नाही. त्याला दर आठवड्याला दहा सोबती आणि अकरा प्रतिस्पर्धी लागतात. हेरलेला मुलगा बाहेर गेला की गावात उरलेल्या वीस जणांचा खेळ थांबतो आणि पुढच्या वर्षी हेरायला कोणी राहत नाही.

याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट आहे, जिच्याबद्दल गावपातळीवर फारसं बोललं जात नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होते तेव्हा बदलीच्या रकमेतला पाच टक्के हिस्सा, त्याला १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटला जातो. भारतीय खेळाडूंच्या अशा बदल्या आज थोड्याच होतात, पण नियम आहे तो आहे. तो लागू होण्यासाठी एकच अट महत्त्वाची: त्या वयात मुलगा कोणत्या तरी मान्य क्लबाच्या नावावर नोंदलेला असला पाहिजे. भारतीय महासंघाची खेळाडू नोंदणीची केंद्रीय व्यवस्था आहे. नोंदणी नसलेल्या स्पर्धेत दहा वर्षं खेळलेला मुलगा कागदावर कधी खेळलेलाच नसतो, आणि त्याला घडवणारं गावही कागदावर नसतं.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. जी द्वितीय श्रेणी तुम्ही लहान गावांचं दार म्हणून दाखवता, ती स्वतःच विश्वासार्ह आहे का? २०२४-२५ चा हंगाम आठवा. शेवटच्या फेरीनंतर चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण झाले, इंटर काशीचे ३९. इंटर काशीच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू उतरवल्याची तक्रार प्रलंबित होती. महासंघाने एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता घोषित केलं, आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. किताब मैदानाऐवजी लवादात ठरला. आराखड्यातली आयएसएलमधून घसरणीची तरतूद २०२४-२५ मध्ये अमलात आली नाही. त्याच जुलैमध्ये १५ वर्षांच्या कराराचं नूतनीकरण न झाल्यामुळे आयएसएलचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि कित्येक महिने लांबला. शिवाय आय-लीगमध्येही थेट प्रवेश विकले जातात: २०२३ मध्ये बोलीद्वारे आलेल्या इंटर काशीच्या नावात वाराणसी आहे, पण घरचे सामने तो पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत खेळला. हे दोष खरे आहेत. मी त्यांचं समर्थन करणार नाही. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे. एका करारावर उभी असलेली वरची लीग त्या कराराचं नूतनीकरण अडताच थांबली. मिझोराममध्ये, गोव्यात, कोलकात्यात स्थानिक फुटबॉल त्यामुळे थांबला नाही. आणि बोलीच्या त्याच दारातून लुधियाना जिल्ह्यातलं भैणीसाहिब हे गावही आत आलं. नामधारी एफसीमागे बियाण्यांची कंपनी आणि एक धार्मिक संस्था आहे हे खरं, पण त्याचं मैदान गावातच आहे आणि देशाच्या द्वितीय श्रेणीतले संघ तिथे खेळायला येतात. पश्चिम बंगालमधला डायमंड हार्बर २०२२ मध्ये स्थापन झाला आणि खालच्या श्रेणी पार करत २०२५ मध्ये आय-लीगला पात्र ठरला. दारात गैरव्यवहार होतो म्हणून दार बुजवायचं नसतं, नियम कडक करायचे असतात. बढती मैदानावरच ठरेल, तक्रारींचा निकाल हंगाम संपण्याआधी लागेल आणि घसरण सर्वांना लागू होईल, या तीन गोष्टींचा आग्रह देशातल्या प्रत्येक जिल्हा संघटनेने धरला पाहिजे.

मग खांडबाऱ्याने नेमकं काय करायचं? इथे भूगोल आणि पंचांग दोन्ही पाहावे लागतात. आय-लीग साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालते. नेमक्या याच महिन्यांत या भागातले अठरा-वीस वर्षांचे तरुण ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला गेलेले असतात. राष्ट्रीय वेळापत्रकाची नक्कल करून हिवाळ्यात तालुका लीग भरवली तर निम्मे खेळाडू गावात नसतील. म्हणून इथली लीग पावसाळ्यात हवी. यात नवल काहीच नाही. कोलकात्याची लीग १८९८ पासून चालते आणि तिचे सामने ऐन पावसात, चिखलात होतात. नवापूर पट्ट्यात जुलैत भाताच्या लावणीची घाई असते. ती आटोपल्यावर, स्वातंत्र्यदिनापासून दिवाळीपर्यंत, निदान नऊ-दहा रविवार हाती लागतात. आठ संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं म्हटलं तर सात फेऱ्या आणि अठ्ठावीस सामने होतात. पावसाने दोन रविवार वाया गेले तरी लीग वेळेत पुरी होते.

प्रवासाचा प्रश्न इथे इतर जिल्ह्यांपेक्षा सोपा आहे. नंदुरबार, खांडबारा, चिंचपाडा आणि नवापूर ही स्थानकं सुरत-भुसावळ या एकाच लोहमार्गावर आहेत आणि तो मार्ग आता दुहेरी झाला आहे. बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या संघाला भाड्याची जीप परवडली नाही तरी पॅसेंजर गाडीचं तिकीट परवडतं. मुंबईचं कूपरेज मैदान इथून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या लीगमध्ये दर आठवड्याला जाणं या मुलांना कधीच शक्य होणार नाही, म्हणून लीगच त्यांच्यापर्यंत आली पाहिजे. आई-वडील स्थलांतरित असले तरी आश्रमशाळांतली मुलं-मुली हिवाळ्यात शाळेतच असतात. आश्रमशाळांच्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो आणि धावणं जोमाने होतं. त्यांच्या शेजारी हिवाळ्यात चौदा आणि सतरा वर्षांखालच्या मुलामुलींची छोटी साखळी लीग घेता येईल आणि तिच्यातून सुब्रतो चषकासाठी शाळेचे संघ तयार होतील. १९६० पासून चालत आलेली ही आंतरशालेय स्पर्धा एखाद्या आश्रमशाळेला आय-लीगच्या पुष्कळ आधी दिल्लीपर्यंत नेऊ शकते. या सगळ्यासाठी लागतात ते प्रशिक्षण घेतलेले दोन-तीन पंच, प्राथमिक परवाना असलेला एखादा शिक्षक-प्रशिक्षक, जाळी लावलेले गोलखांब, आणि प्रत्येक खेळाडूची नोंदणी. शेवटची गोष्ट फुकटच्या कागदासारखी वाटते आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते.

खांडबाऱ्याच्या डोक्यावर राष्ट्रीय स्पर्धेच्या दोन पायऱ्या आहेत, आय-लीग ३ आणि आय-लीग २, आणि त्यांच्यावर आय-लीग. पहिल्या पायरीवर कोणता क्लब पाठवायचा हे राज्य संघटना ठरवते. म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांनी आणि तरुण मंडळांनी येत्या पावसाळ्यात आठ संघ उभे करावेत, त्यांची नोंदणी करून घ्यावी, आणि हंगाम संपल्यावर गुणतक्ता हातात घेऊन राज्य संघटनेला लेखी विचारावं: नंदुरबार जिल्ह्याच्या विजेत्याने पुढचा सामना कुणाशी आणि कोणत्या तारखेला खेळायचा?